जुन्या कॅमारो-शेव्हेलसाठी नवा क्लच निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती शेव्हरोलेची १९६७ ते १९६९ ची कॅमारो आणि १९६८ ते १९७२ ची शेव्हेल डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे: ३५० क्युबिक इंचांचं स्मॉल-ब्लॉक इंजिन, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स आणि इंजिनात थोडेफार बदल. थोडेफार म्हणजे हेडर्स (एक्झॉस्टच्या मोकळ्या नळ्या), अॅल्युमिनियमचा इनटेक, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, जरा गरम कॅम, फार तर बरे सिलिंडर हेड. नायट्रस, स्लिक टायर किंवा दर रविवारी ड्रॅग स्ट्रिप असेल तर गणित वेगळं होतं आणि इथले बरेच सल्ले लागू पडत नाहीत.

क्लच खरंच गेलाय की दुसरंच काही बिघडलंय, हे कसं ओळखायचं?

आधी दोन तक्रारी वेगळ्या करा. क्लच घसरणं ही एक तक्रार, क्लच पूर्ण न सुटणं ही दुसरी. उपाय अगदी उलटे आहेत.

घसरतोय का हे पाहायला मोकळ्या रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० ते ६० किलोमीटरवर आणा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग तितक्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतोय. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ही चाचणी फसवते. तिथे क्लचवर भार कमी येतो आणि मागची चाकंच आधी फिरतात.

सुटतोय का हे पाहायला गाडी उभी ठेवा, इंजिन आयडलवर ठेवा, पेडल तळापर्यंत दाबा, दहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. मन्सीच्या रिव्हर्सला सिंक्रोनायझर नाही. त्यामुळे क्लचची प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दाबली जाणारी चकती) इंजिनाबरोबर किंचित जरी ओढली जात असेल तरी गिअर करकरतो. दहा सेकंद थांबायचं कारण साधं आहे: गिअरबॉक्सच्या आतले गिअर आधीच्या वेगाने थोडा वेळ फिरत राहतात, ते थांबायला हवेत.

आवाजावरूनही बरंच कळतं. पेडलला पाय लागताच घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारं). गाडी उभी, गिअर टाकलेला, पेडल पूर्ण दाबलेलं आणि तेव्हाच किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर पायलट बुश (क्रँकशाफ्टच्या टोकात गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं). न्यूट्रलला पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. तिथे नव्या क्लचवर खर्च करून काही हाती लागणार नाही.

आणि गिअरबॉक्स उतरवण्याआधी पेडलची ढील, म्हणजे क्लचवर जोर न येता पेडल जितकं हलतं ते, तपासा. ढीलच उरली नसेल तर चांगला क्लचही घसरतो.

माझ्या इंजिनाला किती ताकदीचा क्लच लागेल?

हॉर्सपॉवर विसरा, टॉर्क पाहा. १९६९ च्या एल४८ या ३५० इंजिनावर ३०० हॉर्सपॉवर आणि ३८० पाउंड-फूट असा आकडा होता, पण तो ग्रॉस मोजणीचा: एअर क्लीनर, पूर्ण एक्झॉस्ट आणि पट्ट्यावरची उपकरणं न लावता घेतलेला. गाडीत बसवलेल्या इंजिनाचा आकडा त्याहून कमी भरतो. वर सांगितलेल्या बदलांनंतर फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागच्या जड चाकावर) साधारण ३५० ते ४०० पाउंड-फूट धरून चालावं. उदाहरणापुरतं ३७५ घेऊ, म्हणजे सुमारे ५०८ न्यूटन-मीटर.

क्लच किती टॉर्क पेलतो हे चार गोष्टींवर ठरतं: लायनिंगचा (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा) घर्षणांक, घासणाऱ्या बाजूंची संख्या (एका प्लेटला दोन), प्रेशर प्लेटचा (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब आणि लायनिंगची सरासरी त्रिज्या. चारही गुणायच्या. ११ इंची प्लेटचं लायनिंग आत साडेसहा इंचांवर सुरू होत असेल तर सरासरी त्रिज्या ४.३७५ इंच, म्हणजे ०.३६५ फूट. ऑर्गॅनिक लायनिंगचा घर्षणांक ०.२७ धरला आणि प्रेशर प्लेटचा दाब २,४०० पाउंड असला, तर ०.२७ × २ × २,४०० × ०.३६५ म्हणजे सुमारे ४७३ पाउंड-फूट. ३७५ च्या मानाने ही ताकद सुमारे २६ टक्के जास्त आहे. रस्त्यावरच्या गाडीला इतकी शिल्लक पुरते.

आता लायनिंग तापून घर्षणांक ०.२० वर आला असं समजा. त्याच क्लचची ताकद ३५० पाउंड-फूट उरते, म्हणजे इंजिनापेक्षा कमी. रोज नीट चालणारा क्लच चढावरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकल्यावर अचानक घसरायला लागतो तो यामुळे. बाहेरून बिघाड दिसत नाही, थंड झाल्यावर क्लच पुन्हा धरतो आणि मालक कार्ब्युरेटर उघडून बसतो.

शिल्लक २० ते ३० टक्के ठेवा. साठ-सत्तर टक्के जास्त ताकदीचा क्लच घेतला की पेडल जड होतं, लिंकेजवर (पेडल क्लचला जोडणाऱ्या दांड्यांवर) ताण वाढतो आणि धक्का क्लचऐवजी गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल सोसतात. चाकं अडखळल्यावर क्षणभर घसरून बाकीच्या यंत्रणेला वाचवणं हेही क्लचचंच काम आहे.

विक्रेते स्टेज १, २, ३ म्हणतात. मी कोणता घ्यावा?

स्टेज या आकड्याला ठरलेलं प्रमाण नाही. एका कंपनीचा स्टेज २ दुसरीच्या स्टेज १ इतका असू शकतो. विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागा: प्रेशर प्लेटचा दाब पाउंडात, लायनिंग कशाचं आहे आणि क्लच किती पाउंड-फूट पेलतो. हे सांगता येत नसेल तर दुसरीकडे पाहा.

लायनिंग ऑर्गॅनिक, केव्हलार की सिरॅमिक?

या गाडीला ऑर्गॅनिक. अगदी स्पष्ट उत्तर आहे. ऑर्गॅनिक लायनिंग हळूहळू धरतं, थोडं घसरलं तरी माफ करतं आणि फ्लायव्हील खात नाही.

केव्हलार टिकाऊ आणि मऊ असतं, पण ते बसायला फार वेळ घेतं. बसण्याआधी जोर दिला तर पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग ते नीट धरत नाही. धीर असेल तरच घ्या.

सिरॅमिकच्या पाकळ्या उष्णता उत्तम सोसतात, पण त्यांना मधली अवस्था जवळपास नसते: एक तर सुटलेला, नाहीतर धरलेला. पार्किंगमध्ये गाडी इंच-इंच पुढे घेताना सगळी गाडी थरथरते. एका बाजूला ऑर्गॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक अशा मिश्र प्लेट मिळतात. ४०० पाउंड-फुटांच्या वर जाणाऱ्या आणि तरीही रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला त्या शोभतात, त्याखाली गरज नाही.

लायनिंग कोणतंही घ्या, हबला (प्लेटच्या मधल्या भागाला) स्प्रिंगा असलेलीच प्लेट घ्या. स्प्रिंग नसलेला सरळ हब इंजिनाची प्रत्येक थाप गिअरबॉक्समध्ये पाठवतो, आणि आयडलला मन्सी डब्यात खिळे हलवल्यासारखा वाजतो.

१०.४ इंची की ११ इंची?

बेल हाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लचभोवतीच्या आवरणात) बसत असेल तर ११. मात्र कारण नीट लक्षात घ्या. वरच्याच सूत्राने १०.४ इंची प्लेट काढली तर टॉर्कमधला फरक जेमतेम साडेतीन टक्के येतो, कारण सरासरी त्रिज्या फारशी बदलत नाही. लायनिंगचं क्षेत्रफळ मात्र एका बाजूला सुमारे ५२ चौरस इंचांवरून ६२ वर जातं, म्हणजे जवळपास २० टक्के जास्त. मोठ्या प्लेटचा फायदा उष्णता पसरण्यात आणि झीज कमी होण्यात आहे. म्हणून हाती चांगला १०.४ इंची संच असेल आणि गाडी बहुतेक हायवेवर चालत असेल तर फक्त ११ इंचांसाठी बेल हाउसिंग, फ्लायव्हील आणि स्टार्टर बदलायला जाऊ नका.

ऑर्डर देण्याआधी गाडीवर नेमकं काय मोजायचं?

पन्नास वर्षांत या गाड्यांचे भाग इतक्या वेळा अदलाबदल झाले आहेत की वर्ष आणि मॉडेल सांगून मागवलेला क्लच निम्म्या वेळा बसत नाही. कागदावरचं नाही, गाडीत आत्ता जे आहे ते मोजा.

फ्लायव्हीलचे दाते मोजा. शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉकला १५३ दात्यांचं, सुमारे पावणेतेरा इंच व्यासाचं फ्लायव्हील येतं किंवा १६८ दात्यांचं, १४ इंचांच्या आसपासचं. ११ इंची क्लच मोठ्यावर बसतो. बेल हाउसिंगवर ओतलेला क्रमांक वाचा: ३८९९६२१ मध्ये मोठं फ्लायव्हील मावतं, ३८५८४०३ लहानासाठी आहे. स्टार्टरही फ्लायव्हीलबरोबर बदलतो. लहान फ्लायव्हीलच्या स्टार्टरचे दोन बोल्ट एका सरळ रेषेत असतात, मोठ्याचे तिरके, पुढे-मागे.

क्रँकशाफ्ट कोणता आहे ते पाहा. १९८५ पर्यंतच्या ३५० इंजिनांना मागचं ऑइल सील दोन तुकड्यांचं होतं आणि फ्लायव्हीलचे बोल्ट ३.५८ इंचांच्या वर्तुळावर. १९८६ पासून अखंड सील आलं, बोल्टचं वर्तुळ ३ इंच झालं आणि समतोलासाठी फ्लायव्हीललाच वजन देण्यात आलं. जुन्या कॅमारोत नवं क्रेट इंजिन (कारखान्यातून तयार मिळणारं) टाकलेलं असेल तर जुनं फ्लायव्हील त्यावर बसणारच नाही. ४०० क्युबिक इंचांच्या इंजिनाचा क्रँकही बाहेरून समतोल केलेला असतो. ३५० चं वाढवून ३८३ क्युबिक इंच केलेल्या इंजिनात तो क्रँक असेल तर त्यालाही वजनाचं फ्लायव्हील लागतं, आणि नसेल तर लागत नाही. इंजिन बांधणाऱ्याला विचारा. चुकीच्या फ्लायव्हीलवर इंजिन चालेल, पण फेऱ्यांबरोबर वाढत जाणारी थरथर मेन बेअरिंग खाऊन टाकते.

गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) मोजा. १९७० पर्यंतच्या बहुतेक मन्सींना सव्वा इंचाहून थोडा कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंच व्यासावर १० स्प्लाइन असतात. १९७१ पासून त्याच व्यासावर २६. मन्सीचा एम२२ हा प्रकार दोन्ही स्प्लाइनचा सापडतो. पाच गिअरचा टीकेएक्स गिअरबॉक्स बसवायचा विचार असेल तर जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठीच्या त्याच्या आवृत्तीला २६ स्प्लाइनची प्लेट लागते, तेव्हा आज घेतलेली १० ची प्लेट उद्या फुकट जाईल.

शेवटी जुनं रिलीज बेअरिंग फेकू नका. त्याची उंची मोजून ठेवा.

डायफ्रॅम (थाळीसारख्या एकाच स्प्रिंगची) प्रेशर प्लेट घ्यावी की तीन बोटांची?

डायफ्रॅम. तीन बोटांच्या बोर्ग अँड बेक प्लेटला बरंच जास्त बळ लावावं लागतं, आणि तिच्या कॉइल स्प्रिंगांचा दाब लायनिंग झिजत जातो तसा सतत कमी होतो. डायफ्रॅमचा दाब झिजेबरोबर आधी थोडा वाढतो आणि मग उतरतो, म्हणून ती आयुष्याच्या मध्यावरही नव्यासारखी धरते. पाय तर लगेच आभार मानतो.

डायफ्रॅमचा एक दोष माहीत असलेला बरा. पेडल गरजेपेक्षा खोल गेलं तर स्प्रिंगची बोटं मध्याच्या पलीकडे जातात आणि जास्त फेऱ्यांवर गिअर बदलताना पेडल तळाशीच चिकटून राहतं. हल्लीच्या चांगल्या प्लेटमध्ये हे कमी होतं. तरीही क्लच पूर्ण सुटल्यानंतर पेडल आणखी दोन इंच जात असेल तर पेडलखाली एक अडथळा लावून घ्या. रबरी टोकाचा एक बोल्ट आणि लॉक नट पुरतात.

सपाट बोटं, वाकलेली बोटं आणि बेअरिंगची उंची: हा घोळ काय आहे?

या एका जागी सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थांबून वाचा.

डायफ्रॅम प्लेट दोन प्रकारच्या येतात. एकीची बोटं सपाट असतात, दुसरीची गिअरबॉक्सच्या दिशेने बाहेर वाकलेली. वाकलेली बोटं बेअरिंगच्या जवळ येतात, म्हणून तिला बुटकं बेअरिंग लागतं, सव्वा इंचाच्या आसपासचं. सपाट बोटं लांब राहतात, तिला उंच बेअरिंग लागतं, पावणेदोन इंचांच्या आसपासचं.

वाकलेल्या बोटांवर उंच बेअरिंग बसवलं तर ते पेडल न दाबताही बोटांना टेकून राहतं. ढील मिळतच नाही, क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो आणि बेअरिंग अखंड फिरून जळतं. सपाट बोटांवर बुटकं बेअरिंग बसवलं तर फोर्क (बेअरिंग ढकलणारा दांडा) फार पुढे झुकतो, पुशरॉड (फोर्कला ढकलणारी सळी) संपूर्ण बाहेर काढला तरी पुरत नाही आणि क्लच सुटत नाही. दोन्ही वेळा दोष क्लचला दिला जातो.

तपासायची पद्धत सोपी आहे. सगळं जोडल्यावर बेल हाउसिंगच्या खिडकीतून फोर्क पाहा. बेअरिंग बोटांना हलकं टेकलेलं असताना फोर्क खिडकीच्या मध्याजवळ असायला हवा, आणि पूर्ण दाबल्यावर कोणत्याही कडेला लागता कामा नये. थोडा फरक असेल तर लांबी बदलता येणारा बॉल स्टड (ज्यावर फोर्क टेकून झुलतो तो) मिळतो. मोठा फरक असेल तर बेअरिंग चुकलंय. ते बदला, स्टडने चूक झाकू नका.

दोन सारख्या गाड्या, सारखा क्लच. एकाचा दहा वर्षं टिकतो, दुसऱ्याचा दोन. असं का?

बहुतेक वेळा उत्तर मागच्या अॅक्सलमध्ये सापडतं. एम२० प्रकारच्या मन्सीचा पहिला गिअर २.५२, तर एम२१ आणि एम२२ चा २.२०. एम२१ ला ३.०८ प्रमाणाचा अॅक्सल जोडला तर पहिल्या गिअरचं एकूण प्रमाण ६.७८. एम२० ला ३.७३ जोडला तर ९.४.

२६ इंच व्यासाच्या टायरवर, इंजिन १,००० फेऱ्यांवर असताना क्लच पूर्ण धरेपर्यंत पहिल्या गाडीला ताशी सुमारे १८ किलोमीटर गाठावे लागतात, दुसरीला १३. फेरे स्थिर ठेवून गाडी हलवताना क्लचमध्ये जितकी उष्णता तयार होते ती गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकी असते, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे पहिल्या गाडीचा क्लच प्रत्येक सिग्नलला जवळपास दुप्पट तापतो.

एम२१ आणि ३.०८ अशी जोडी असेल तर आणखी जड प्रेशर प्लेट घेऊन काही सुटत नाही. अॅक्सल ३.५५ किंवा ३.७३ करा. हायवेचे फेरे वाढायला नको असतील तर पाच गिअरचा गिअरबॉक्स बघा. टीकेएक्सचा पहिला गिअर २.८७ किंवा ३.२७ मिळतो. क्लचच्या आयुष्यासाठी इतका परिणामकारक खर्च दुसरा नाही.

जुनं फ्लायव्हील चालेल का? अॅल्युमिनियमचं घ्यावं का?

जुनं चालेल, पण घासून घेतल्याशिवाय नाही. पृष्ठभागावरचे निळे-काळे डाग नुसते रंगाचे नसतात. तिथलं लोखंड तापून आणि पटकन थंड होऊन कडक झालेलं असतं. लेथवर कापताना हत्यार त्या कडक जागेवरून उचललं जातं आणि तिथे न दिसणारा उंचवटा राहतो. नवी प्लेट त्यावर थरथरते. म्हणून फ्लायव्हील ग्राइंडिंग करणाऱ्याकडेच द्या. बोल्टच्या भोकांभोवती किंवा मध्यापासून निघालेल्या भेगा दिसल्या तर ते भंगारात टाका. पृष्ठभागावरचे केसासारखे बारीक तडे ग्राइंडिंगने गेले तर ठीक.

अॅल्युमिनियमचं नको. लोखंडाचं १३-१४ किलोचं फ्लायव्हील गाडी हलवताना साठवलेली ऊर्जा देतं. सात किलोच्या आसपासच्या अॅल्युमिनियमवर जास्त फेरे आणि जास्त घसरण करावी लागते. सर्किटवर ते शोभतं.

एक सुरक्षेचा मुद्दा. ६,००० फेऱ्यांपुढे नियमित जाणार असाल तर मूळच्या ओतीव लोखंडी फ्लायव्हीलवर विसंबू नका. एसएफआय १.१ (रेसिंगच्या भागांचं सुरक्षा मानक) प्रमाणित स्टीलचं फ्लायव्हील घ्या, आणि ड्रॅग स्ट्रिपवर जाणार असाल तर एसएफआय ६.१ चं स्टीलचं बेल हाउसिंगही. फुटलेलं फ्लायव्हील चालकाच्या पायांच्या रेषेत असतं.

पायलट बुश की रोलर बेअरिंग?

ब्राँझचं बुश. स्वस्त आहे, थोडा वाकडेपणा सोसतं आणि झिजलं तर स्वतः झिजतं, शाफ्टला खात नाही. दुकानातच चुंबक लावून पाहा: चिकटलं तर त्यात लोखंड आहे, घेऊ नका. बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. ग्रीस लावू नका, ते बुशची छिद्रं बुजवतं.

गिअरबॉक्स आणि क्रँक एका रेषेत आहेत का, हे मोजायलाच हवं का?

बेल हाउसिंग बदललं असेल तर हवंच. मूळ बेल हाउसिंग मूळ इंजिनावर असेल तरी मोजलेलं बरं.

फ्लायव्हीलला चुंबकाच्या पायाचा डायल गेज लावा, त्याचं टोक बेल हाउसिंगच्या मधल्या मोठ्या भोकाच्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. गेजवरचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा यांतला फरक घ्या आणि निम्मा करा. उत्तर ०.००५ इंचांहून जास्त असेल तर ब्लॉकमधल्या दोन डॉवेल पिना काढून विक्षेपित (मध्य थोडा बाजूला सरकवलेले) डॉवेल बसवावे लागतात. ते ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचांचे मिळतात. दोन्ही पिना एकाच दिशेने फिरवा आणि पुन्हा मोजा.

हे टाळलं तर काय होतं? गिअर जड लागतात, पायलट बुश अंडाकृती होतं, चौथ्या गिअरमधून गाडी आपोआप सुटते आणि शेवटी प्लेटचा हब मधून फाटतो. या सगळ्यासाठी लोक गिअरबॉक्स उघडतात.

बसवताना कोणत्या गोष्टी चुकतात?

जुन्या क्लचची धूळ हवेच्या नळीने उडवू नका. साठ-सत्तरच्या दशकांतल्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसा, कपडा पिशवीत बांधून टाका आणि नीट बसणारा मास्क लावा.

फ्लायव्हीलचे सहा बोल्ट नवे घ्या. मूळ मापाचे बोल्ट ६० पाउंड-फुटांवर, म्हणजे ८१ न्यूटन-मीटरवर, थ्रेड लॉकर लावून आवळतात. दुसऱ्या कंपनीचे असतील तर त्यांच्या कागदावरचा आकडा घ्या. प्रेशर प्लेटला तिचेच खांदा असलेले बोल्ट लागतात. हार्डवेअरच्या दुकानातला साधा तीन अष्टमांशाचा बोल्ट भोकात हलतो आणि प्लेट मध्यावरून सरकते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, एका वेळी अर्धा फेरा, असे हळूहळू ३५ पाउंड-फुटांपर्यंत न्या. एक बाजू आधी आवळली की आवरण कायमचं वाकतं.

फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट ब्रेक क्लीनरने पुसल्यावर पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. नव्या प्लेटवर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो राहिला तर क्लच पहिल्याच दिवशी थरथरतो.

प्लेटची दिशा: स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो आणि क्लच काही केल्या सुटत नाही. बसवण्याआधी प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून पाहा, अडकली तर स्प्लाइन जुळत नाहीत. स्प्लाइनवर ग्रीस अगदी पुसट लावा आणि जादा बोटाने पुसून काढा, कारण राहिलेलं ग्रीस फिरताना लायनिंगवरच उडतं.

मन्सी ३५ किलोच्या आसपास भरतो. तो आत सरकवताना जड वाटलं म्हणून मध्येच सोडून शाफ्टच्या आधाराने लोंबकळू देऊ नका, प्लेटचा हब तिथेच वाकतो. आणि बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेऊ नका. तो हाताने बेल हाउसिंगला टेकायला हवा. टेकत नसेल तर प्लेट मध्यावर नाही. प्रेशर प्लेट सैल करून अलाइनमेंट टूल (प्लेट मध्यावर धरणारं) पुन्हा घाला.

फोर्कच्या मागची स्प्रिंग क्लिप बॉल स्टडच्या डोक्यामागे गेलीय का, हे टॉर्च लावून पाहा. डोक्यावर चढून बसली तर फोर्क शंभर किलोमीटरमध्ये निसटतो.

लिंकेज तसंच ठेवावं की हायड्रॉलिक करावं?

मूळचा झेड-बार (पेडलची हालचाल फोर्ककडे नेणारी नळी) नीट असेल तर ठेवा. इंजिनाकडचा बॉल स्टड आणि चेसिसकडचं ब्रॅकेट, दोन्हीकडचे नायलॉन बुश झिजले की पेडलचा बराच प्रवास ढिलाईतच जातो आणि क्लच अर्धवट सुटतो. बुश, फेल्ट आणि क्लिपांचा संच थोड्या पैशांत येतो. झेड-बारची नळी बुशजवळ चिरलेली असेल तर ती वेल्ड करून घ्या किंवा बदला.

हेडर्स झेड-बारला घासत असतील किंवा पाच गिअरचा गिअरबॉक्स येणार असेल तर हायड्रॉलिक सोयीचं पडतं. पण नुसतं पेडल जड आहे म्हणून करायचं असेल, तर आधी डायफ्रॅम प्लेट लावून पाहा.

सगळं जोडल्यावर पेडलच्या प्रवासाच्या सुरुवातीला सुमारे एक इंच ढील ठेवा. पूर्ण दाबल्यावर प्लेट आणि दोन्ही पृष्ठभाग मिळून एकूण ०.०४० ते ०.०६० इंच फट मिळाली तर क्लच स्वच्छ सुटतो. लायनिंग झिजेल तशी ढील कमी होत जाते, म्हणून पहिल्या ८०० किलोमीटरनंतर आणि मग प्रत्येक ऑइल बदलीला पाहा.

नवा क्लच किती दिवस जपून चालवायचा?

सुमारे ८०० किलोमीटर, आणि तेही शहरातले. क्लच बसतो तो धरण्या-सोडण्याने. हायवेवर सरळ चौथ्या गिअरमध्ये काढलेले ८०० किलोमीटर या हिशेबात जवळपास शून्य धरा. या काळात जोरात सुटणं नको, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणंही नको.

सगळं नवं घातलं, तरी गाडी सुटताना थरथरते. आता?

पहिल्या काही दिवसांत हलकी थरथर येते आणि जाते. ती टिकली तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी इंजिन माउंट पाहा. हँडब्रेक लावा, कोणालाही गाडीसमोर उभं राहू देऊ नका आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडा. इंजिनाची डावी बाजू स्पष्ट उचलली गेली तर माउंटचं रबर सुटलंय. या काळातल्या शेव्हरोलेंचा हा जुना दोष आहे. जनरल मोटर्सने डिसेंबर १९७१ मध्ये १९६५ ते १९६९ च्या सुमारे ६७ लाख गाड्या यासाठीच परत बोलावल्या आणि इंजिन उचललं जाऊ नये म्हणून त्यांत केबल लावून दिल्या. रबर सुटलं तरी एकमेकांत अडकून राहणारे माउंट आता सहज मिळतात, तेच घ्या.

माउंट ठीक असतील तर गिअरबॉक्सच्या मागचा माउंट, प्रॉपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट आणि मागच्या लीफ स्प्रिंगांचे किंवा कंट्रोल आर्मचे बुश पाहा. त्यानंतर बेल हाउसिंगच्या खालचं झाकण काढून आत तेल दिसतं का ते बघा. इंजिन ऑइल असेल तर मागचं सील किंवा इनटेकच्या मागच्या कडेची गळती. जाड आणि उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या रिटेनरमधून येतंय. तेल पडलेली प्लेट धुऊन पुन्हा वापरता येत नाही, कारण लायनिंग ते शोषून घेतं आणि तापल्यावर पुन्हा बाहेर सोडतं. आधी गळती बंद करा, फ्लायव्हील पुसून काढा आणि फक्त प्लेट नवी घ्या. प्रेशर प्लेटवर निळे डाग नसतील तर तीच परत चालते.